विद्यांचा शेजार

प्रवरेकाठच्या नेवाशात १९५० च्या दशकात डेक्कन कॉलेजचे उत्खनन चालू होते. तिथे एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी ती त्या लेकराच्या गळ्यात घालून त्याला मातीच्या भांड्यात ठेवले होते. मणी तांब्याचे असल्यामुळे एक वेगळीच गोष्ट घडली. तांब्याच्या क्षारांमुळे माळेतल्या दोऱ्याचा थोडा अंश कुजला नाही, तो टिकून राहिला. मणी कोणत्या काळातले ते पुरातत्त्वज्ञाला सांगता येते, पण दोऱ्याचे काय करायचे? तो तपासायला ए. एन. गुलाटी यांच्याकडे गेला. ते कापूस-तंत्रज्ञानातले जाणकार होते. मोहेंजोदडोला मिळालेला कापडाचा तुकडा कापसाचा आहे, हे १९२० च्या दशकात ज्यांनी तपासून सांगितले त्यांच्यापैकी ते एक. नेवाशाच्या दोऱ्यात त्यांना कापसाबरोबर रेशीमही आढळले. गोदावरीच्या खोऱ्यातल्या, मातीच्या घरांत राहणाऱ्या शेतकरी वस्तीपर्यंत रेशीम पोचले होते, हे कळायला कापसाचा जाणकार लागला.

डेक्कन कॉलेजने १९६१ मध्ये एक छोटे पुस्तक काढले, ‘टेक्निकल रिपोर्ट्स ऑन आर्किऑलॉजिकल रिमेन्स’ या नावाचे. त्यात तीन लेखक आहेत. प्राण्यांच्या हाडांवर ज्युलिएट क्लटन-ब्रॉक, धान्यांवर आणि वनस्पतींच्या अवशेषांवर विष्णु-मित्रे, आणि धाग्यांवर गुलाटी. तिघांपैकी एकही जण इतिहासाचा नाही, तरी पुस्तक इतिहासाचेच आहे. कला आणि मानव्यविद्यांच्या आंतरविद्याशाखीय संशोधनाचा मराठी मुलुखातला नमुना दाखव असे मला कोणी म्हटले, तर मी सगळ्यांत आधी हे पुस्तक पुढे करीन.

विद्यापीठांतल्या अशा संशोधनाच्या केंद्रांची ओळख करून देणाऱ्या लेखांच्या संग्रहाला प्रस्तावना लिहिताना मी सुरुवात एका दोऱ्यापासून का केली, त्याचे कारण सांगतो. ‘आंतरविद्याशाखीय’ हा शब्द आता परिपत्रकांत, अनुदानाच्या अर्जांत आणि नव्या इमारतींच्या कोनशिलांवर सर्रास दिसतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये तर सगळ्या उच्चशिक्षण संस्थांनी २०४० पर्यंत बहुविद्याशाखीय व्हावे असे उद्दिष्टच ठरवून टाकले. उद्दिष्ट चांगले आहे. पण चार विभागांच्या पाट्या एका छताखाली लावल्या, वर्षातून एक चर्चासत्र घेतले आणि त्याची स्मरणिका छापली, की केंद्र झाले असे मानण्याची सवय आपल्याला लागली आहे. माझे म्हणणे असे की केंद्र प्रश्नातून जन्मते. हातातला प्रश्न आपल्या एकट्याच्या विद्येने सुटत नाही असे जेव्हा एखाद्या अभ्यासकाला मनापासून कळते आणि शेजारच्या खोलीत त्याला उत्तर देऊ शकणारा माणूस बसलेला असतो, तेव्हा ते सुरू होते. प्रश्न, शेजार आणि वेळ या तिन्हींपैकी एक जरी नसले तरी पाटी तेवढी उरते.

हे सगळे एका संस्थेच्या आधाराने नीट दिसते, म्हणून मी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजपाशी जास्त वेळ थांबणार आहे.

या संस्थेची मुळे १८२१ पर्यंत जातात. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्या दक्षिणा निधीतल्या पैशातून पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तिचेच पुढे पूना कॉलेज झाले, १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज हे नाव आले आणि १८६८ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभारलेल्या येरवड्याच्या दगडी इमारतीत कॉलेज गेले. टिळक, आगरकर तिथे शिकले, संस्कृतचे जर्मन पंडित कीलहॉर्न तिथे शिकवत. हा भाग मराठी वाचकाला ठाऊक असतो. कमी ठाऊक असलेला भाग पुढचा आहे. १९३४ मध्ये सरकारने काटकसरीसाठी कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थी गप्प बसले नाहीत. देणगी ज्या हेतूने दिली गेली तो हेतू सरकारला असा मोडता येणार नाही, म्हणून त्यांनी न्यायालयात दाद मागितली. त्या लढ्यातून १७ ऑगस्ट १९३९ रोजी डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले, पण आता पदवीच्या वर्गांसाठी नाही, तर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनासाठी.

अशीच एक कहाणी लंडनची आहे. कलेतिहासकार आबी वारबुर्ग यांचे हॅम्बुर्गमधले ग्रंथालय नाझी सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये जहाजाने लंडनला नेण्यात आले आणि १९४४ मध्ये ते लंडन विद्यापीठात सामील झाले. या ग्रंथालयातली पुस्तके विषयांच्या सरकारी वर्गवारीने लावलेली नाहीत. चित्र, शब्द, माणसाची जगातली दिशा शोधण्याची धडपड आणि कृती अशा चार मोठ्या भागांत ती मांडलेली आहेत. एका शेल्फावर ज्योतिष, त्याच्या शेजारी खगोल, त्याच्या शेजारी जादूटोणा. वारबुर्गचा विश्वास असा, की तुम्ही जे पुस्तक शोधायला येता त्यापेक्षा त्याच्या शेजारचे पुस्तक तुमच्या जास्त कामाचे असते. या संस्थेचा खर्च आणि स्वायत्तता यांवरून विद्यापीठाशी वाद झाला. तो न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये निकाल लागला, की १९४४ च्या करारनाम्याप्रमाणे हे ग्रंथालय स्वतंत्र घटक म्हणून सांभाळणे विद्यापीठाला बंधनकारक आहे. पुणे आणि लंडन या दोन्ही ठिकाणी विद्येचा शेजार वाचला तो एका दानपत्रातल्या कलमांमुळे. अर्थसंकल्पाला अशी केंद्रे नेहमीच जड वाटतात, कारण त्यांचे उत्पन्न मोजता येत नाही. म्हणून केंद्र सुरू करणाऱ्यांनी उद्घाटनाच्या भाषणापेक्षा घटनेच्या मसुद्यावर जास्त रात्री जागवाव्यात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

१९३९ च्या सुमारास येरवड्याला जमलेली माणसे बघा. संचालक इराच तारापोरवाला, अवेस्ता आणि भाषांचे अभ्यासक. सुमित्र मंगेश कत्रे, तौलनिक भाषाशास्त्राचे, जे १९४२ पासून जवळजवळ तीस वर्षे संचालक राहिले. हसमुख धीरजलाल सांकलिया, पुरातत्त्वज्ञ. इरावती कर्वे, मानवशास्त्र आणि समाजशास्त्र. त्र्यंबक शंकर शेजवलकर, मराठ्यांचा इतिहास. सी. आर. शंकरन, द्राविडी भाषा आणि ध्वनिशास्त्र. सातारच्या ऐतिहासिक संग्रहालयातला पारसनिसांचा संग्रहही त्याच सुमारास इथे आला. आज एखाद्या विद्यापीठाला इतके विषय उभे करायचे तर इतके स्वतंत्र विभाग, इतके विभागप्रमुख आणि इतकी कुलुपे लागतील. इथे एक आवार होते, एक ग्रंथालय होते आणि एकमेकांच्या खोलीत जायला परवानगीचे पत्र लागत नव्हते.

याचे फळ लवकर दिसले. सांकलिया गुजरातेत नद्यांच्या काठी अश्मयुगाचा शोध घेत होते. मेहसाणा जिल्ह्यात लांघणज या गावी वाळूच्या टेकाडात दगडाच्या बारीक हत्यारांबरोबर माणसांचे सांगाडे निघाले. हत्यारांचे वर्गीकरण सांकलिया करू शकत होते, सांगाड्यांचे नाही. इरावतीबाई तिथे गेल्या. त्यांनी मुंबईचे शरीररचनाशास्त्रज्ञ डॉ. कुरुलकर यांच्यासह त्या अस्थींचा अभ्यास केला. लांघणजला गेंड्याच्या खांद्याचे हाडही मिळाले. हत्यारे घडवताना ऐरणीसारखे वापरलेले. आज जिथे कोरडे वाळूचे रान आहे तिथे एकेकाळी गेंडा राहू शकेल इतके पाणी आणि गवत होते, हे त्या हाडाने सांगितले. मग नदीकाठच्या मातीचे थर वाचायला भूकालगणनेचे तज्ज्ञ फ्रेडरिक झॉयनर लंडनहून आले आणि गुजरातच्या अश्मयुगावरचे त्यांचे पुस्तक १९५० मध्ये डेक्कन कॉलेजने छापले. एका वाळूच्या टेकाडाभोवती पुरातत्त्व, मानवशास्त्र, वैद्यक आणि भूविज्ञान असे जमा झाले. कोणी परिपत्रक काढले नव्हते.

इथे इरावतीबाईंविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. विद्यांच्या सीमा ओलांडणे हे त्यांच्याइतके स्वच्छपणे मराठीत क्वचितच कोणी करून दाखवले असेल. बर्लिनमध्ये त्यांनी ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली माणसाच्या कवटीच्या दोन बाजूंमधल्या असमानतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय कवट्या वेगळ्या, म्हणजे श्रेष्ठ, हे त्यातून दिसावे अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशांमध्ये असा फरक आढळत नाही असे लिहून दिले. हातात फूटपट्टी घेऊन मिळवलेली ही निर्भयता त्यांनी पुढे सगळीकडे नेली. ऋग्वेद आणि अथर्ववेदातल्या नातेवाचक शब्दांवर त्यांनी भांडारकर संस्थेच्या नियतकालिकात लिहिले, १९५३ मध्ये ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केला आणि १९६७ मध्ये ‘युगान्त’ आले. आपण ‘युगान्त’ला ललित साहित्य म्हणून वाचतो, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. पण गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडे बघणारी ती नजर नात्यांच्या रचनेचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या बाईची आहे. दीर-भावजय, सासू-सून, मामा-भाचा ही नाती कशी बांधलेली असतात हे उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत हिंडून ज्यांनी टिपले, त्यांनाच महाभारतातले ते ताण तसे दिसू शकतात. कला आणि शास्त्र यांचा मेळ घालायचा म्हणजे काय, असे जे विद्यार्थी विचारतात, त्यांनी ‘किनशिप’ आणि ‘युगान्त’ ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचावीत.

यातून एक गोष्ट निघते आणि ती आजच्या उत्साहात विसरली जाते. या मंडळींचा प्रत्येकाचा एका विद्येत पाय घट्ट रोवलेला होता. इरावतीबाईंना मोजमाप येत होते, कत्रे यांना पाठचिकित्सा येत होती, सांकलियांना थर वाचता येत होते. पलीकडे भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे सुकाणू धरलेले विष्णु सीताराम सुखटणकर केंब्रिजला गणित शिकून मग बर्लिनला संस्कृताकडे वळले होते. पुण्यातच राहणारे दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते. त्यांनी नाण्यांची वजने संख्याशास्त्राने तपासली आणि पुण्याभोवतीच्या टेकड्या पायाखाली घालून अश्मयुगीन हत्यारे शोधली. दोन विद्या थोड्याथोड्या येणे आणि एक विद्या पुरती येऊन दुसरीच्या दारात नम्रपणे उभे राहणे यांत फार अंतर आहे. पहिल्या वर्षापासून विद्यार्थ्याला सगळ्याची चव देणारे अभ्यासक्रम आता निघत आहेत. चव जरूर द्यावी, पण एक विषय तरी पोट भरेपर्यंत वाढावा.

आता इनामगाव. माझ्या मते आपल्याकडच्या आंतरविद्याशाखीय कामाचा हा सर्वांत मोठा दाखला आहे.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडावर डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असे पंधरा वर्षे उत्खनन केले. सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी संपादित केलेला अहवाल १९८८ मध्ये आला. म्हणजे पहिल्या कुदळीपासून छापील पानापर्यंत वीस वर्षे. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उलगडली. ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास वसलेली आणि ख्रिस्तपूर्व ७०० च्या सुमारास उठलेली ही शेतकऱ्यांची वस्ती. लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवत आणि घरातच जमिनीखाली पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून पुरत. मातीच्या एका पेटीत शिर नसलेली देवीची मूर्ती मिळाली, बरोबर बैल. पाच खोल्यांचे एक मोठे घर मिळाले. चार पायांच्या एका मोठ्या रांजणात बसवलेल्या स्थितीत पुरलेला एक माणूस मिळाला.

या सगळ्याचा अर्थ लावायला किती जण लागले? जळक्या धान्याचे दाणे मुकुंद काजळे यांनी ओळखले. त्यावरून कळले की हे लोक प्रामुख्याने सातूवर जगत होते. प्राण्यांची हाडे जी. एल. बादाम आणि पी. के. थॉमस यांनी तपासली. माणसांच्या दातांवरून आणि हाडांवरून अमेरिकेचे जॉन लुकास आणि पुण्याचे सुभाष वाळिंबे यांनी त्यांच्या आहाराचा, आजारांचा माग काढला. नदी आणि माती शरद राजगुरू यांनी वाचली. कोळशाचे नमुने कार्बन-१४ कालमापनासाठी प्रयोगशाळेत गेले. भांडी कशी घडत, चूल कुठे असे, कणगीचे बूड कसे बांधत, हे समजून घ्यायला आजच्या खेड्यांत, आदिवासी पाड्यांवर जाऊन बघावे लागते. ती वाट मालती नागर यांच्यासारख्या अभ्यासकांनी चोखाळली. मग या सगळ्या धाग्यांतून ढवळीकरांनी एक कथा मांडली. बंधारा आणि पाट काढून शेती करणारे, चौकोनी घरांत राहणारे गाव ख्रिस्तपूर्व १००० च्या पुढे पाऊस कमी होत गेल्यावर हलाखीला आले, घरे लहान गोल झोपड्या झाली, शेतीबरोबर शिकारीवर भिस्त वाढली आणि शेवटी लोक गाव सोडून निघून गेले. ही मांडणी सर्वांना मान्य आहे असे नाही. पाच खोल्यांचे घर पाटलासारख्या प्रमुखाचेच होते का, यावरही वाद करता येतो. पण वाद घालायला सामग्री आहे, कारण प्रत्येक तज्ज्ञाने आपले निरीक्षण वेगळे छापून ठेवले आहे. चांगल्या केंद्राचे हे लक्षण मी मानतो. त्याने निष्कर्षाबरोबर पुरावाही पुढच्या पिढीच्या हाती द्यावा, म्हणजे पुढच्यांना तो उलटवता येतो. दुष्काळाने उठलेल्या गावाची ही कथा घोडनदीच्या काठच्या आजच्या शेतकऱ्याला परकी वाटणार नाही, आणि तिच्याइतकी जवळची प्रागैतिहासिक कथा मराठीत दुसरी नाही.

त्याच आवारात दुसरे एक काम १९४८ पासून चालू आहे. कत्रे यांनी ऐतिहासिक तत्त्वांवर संस्कृतचा बृहत्कोश करायला घेतला. ऋग्वेदापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे सुमारे पंधराशे ग्रंथ निवडले. शब्द, तो कुठे आला, कोणत्या अर्थाने आला, हे एकेका चिठ्ठीवर लिहायला सुरुवात झाली. अशा चिठ्ठ्या सुमारे एक कोटी झाल्या. पहिला भाग अमृत माधव घाटगे यांच्या संपादनाखाली १९७६ मध्ये निघाला. तेव्हापासून तीसहून अधिक खंड आले आणि कोश अजून ‘अ’च्या घरातच आहे. हे ऐकून अनेक जण हसतात. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये, आणि तोही एका भाषेच्या तुलनेने लहान आयुष्याचा. संस्कृतातला एखादा शब्द वेदांत एका अर्थाने येतो, व्याकरणात त्याची परिभाषा होते, आयुर्वेदात तो वनस्पतीचे नाव होतो, वास्तुशास्त्रात खांबाचे, गणितात संख्येचे. हे सगळे अर्थ कालक्रमाने लावायचे तर वैयाकरण, वैद्य, ज्योतिषी, मीमांसक अशा सगळ्यांनी एका मेजावर बसावे लागते. या कोशाने बासष्ट विद्याशाखांतले ग्रंथ घेतले आहेत. कोणी नाव दिले नसले तरी हे आंतरविद्याशाखीय केंद्रच आहे, आणि त्याला हवी आहेत ती माणसे, एका पिढीने दुसरीला हाताला धरून शिकवलेली. चिठ्ठ्यांच्या संगणकीकरणाने शोधणे वेगवान होईल. अर्थ लावायला पंडितच लागणार.

शेजार असूनही तो वापरला गेला नाही तर काय होते, याचाही धडा याच संस्थेशी जोडलेला आहे. हरियाणातल्या राखीगढीला डेक्कन कॉलेजने वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. तिथल्या अनेक सांगाड्यांपैकी एकाच स्त्रीच्या अवशेषांतून अभ्यासाजोगा डीएनए मिळाला. त्यावरचा लेख २०१९ च्या सप्टेंबरात ‘सेल’ या नियतकालिकात आला. हडप्पा संस्कृतीतल्या त्या स्त्रीच्या वंशावळीत युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही, असा त्याचा निष्कर्ष. त्याच सुमारास ‘सायन्स’मध्ये आलेल्या आणि काही लेखक समान असलेल्या दुसऱ्या लेखाने मांडले, की हा अंश ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकात दक्षिण आशियात आला. दोन्ही लेख शेजारी ठेवून वाचले तर चित्र पुरेसे स्पष्ट होते. पण वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर ‘आर्य आले की आले नाहीत’ असा एका ओळीचा निकाल लागला. डीएनए माणसाची वंशावळ सांगतो, तो माणूस कोणती भाषा बोलत होता ते सांगत नाही. भाषा सांगायला भाषाशास्त्रज्ञ हवा, वेद वाचायला वैदिक हवा, खापरे वाचायला पुरातत्त्वज्ञ हवा. येरवड्याच्या आवारात हे तिन्ही विभाग पायी पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत. देशातल्या सगळ्यांत तापलेल्या ऐतिहासिक प्रश्नावर या तिघांनी मिळून, सावकाश, मराठीत एक पुस्तक लिहिले असते तर त्याने केवढे काम केले असते! ते अजूनही लिहिता येईल.

कलांच्या बाजूने मराठीत असे काम एका माणसाभोवती उभे राहिले. मुंबई विद्यापीठाचे संगीत केंद्र १९६८ मध्ये सुरू झाले आणि अशोक दामोदर रानडे १९८३ पर्यंत त्याचे संचालक होते. रानडे गायक होते, समीक्षक होते, नटांना आवाजाची साधना शिकवत. लोकसंगीताचे शास्त्र, नाट्यसंगीत, सौंदर्यशास्त्र या सगळ्यांवर त्यांनी लिहिले आणि ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ असे कार्यक्रम रचून तेच विचार रंगमंचावर आणले. लावणी गाऊन दाखवणारा आणि तिची समाजशास्त्रीय चिकित्सा करणारा माणूस एकच असू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. पण एका व्यक्तीच्या व्यासंगावर उभे असलेले काम संस्थेत मुरवणे कठीण असते. विद्यापीठाला प्रबंध मोजता येतो, मैफल मोजता येत नाही. नाट्यप्रयोग बसवणे हे संशोधन आहे की नाही, कलावंताचा प्रयोग पीएच.डी.साठी कसा तपासायचा, यावर आपल्याकडे अजून पुरेसा विचार झालेला नाही. तो न झाल्यामुळे कलेचे विभाग एकतर शिकवणीवर्ग होतात, नाहीतर कलेविषयी लिहिणारे पण कला न करणारे विभाग होतात.

हिशेबाची रीतच या कामाच्या आड येते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत शोधनिबंधाचे गुण कसे वाटायचे ते सांगितले आहे. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, दोघांपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के. इनामगावच्या अहवालातल्या धान्य ओळखणाऱ्याला, दात मोजणाऱ्याला, माती वाचणाऱ्याला या तक्त्यात काय मिळाले असते, याचा विचार करावा. ज्याला बढती हवी त्याने एकट्याने लिहावे, असेच हा तक्ता सांगतो. त्यात प्रकल्पाची मुदत दोन-तीन वर्षे, नेमणुका कंत्राटी आणि अनेक विभागांत निवृत्त झालेल्याची जागा वर्षानुवर्षे रिकामी. वीस वर्षांचा अहवाल या चौकटीत बसत नाही. शेजारही असाच तुटतो. डेक्कन कॉलेजात आज पुरातत्त्व, भाषाशास्त्र आणि संस्कृत-कोशशास्त्र हे विभाग आहेत, इरावतीबाईंच्या समाजशास्त्र-मानवशास्त्राची पाटी त्यांत नाही. सांगाड्यांपाशी बोलवायला आता तसे शेजारचे दार उरलेले नाही.

आणखी एक शेजार आपण पहिल्यापासूनच बाहेर ठेवला. विश्रामबागवाड्यातली ती पाठशाळा सुरुवातीला फक्त ब्राह्मणांसाठी होती. कुंभार, धनगर, कोळी, वैदू, गोंधळी यांच्याकडे जी विद्या आहे तिला विद्यापीठाने ‘माहिती’ मानले, विद्या मानले नाही. पाड्यावर जाऊन चूल पाहणाऱ्या अभ्यासकाने तिथल्या बाईचे नाव तरी आपल्या निबंधात लिहावे, इतकी अपेक्षा मी नव्या पिढीकडून ठेवतो. आता त्या घरांतली मुले-मुली स्वतः पुरातत्त्व, भाषाशास्त्र शिकू लागली आहेत. आपल्या बोलीचे, आपल्या दैवतांचे, आपल्या हत्यारांचे प्रश्न ती स्वतः विचारतील, तेव्हा विद्यांचा हा शेजार खरा रुंदावेल. त्यांना शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी, वसतिगृहात जागा मिळावी, इतक्या साध्या गोष्टींवर हे अवलंबून आहे.

या संग्रहातले लेख वाचताना वाचकांनी प्रत्येक केंद्राविषयी तीन गोष्टी विचाराव्यात, अशी माझी विनंती आहे. तिथे कोणता प्रश्न होता? तो सोडवायला कोण कोणाच्या दारात गेले? आणि त्यांना किती वर्षे मिळाली? ज्या लेखात या तिन्हींची उत्तरे सापडतील तो लेख दोनदा वाचावा. विद्यापीठांत निर्णय घेणाऱ्या मंडळींना मात्र माझे मागणे वेगळे आहे. नवी केंद्रे जाहीर करण्यापूर्वी जुन्या केंद्रांतल्या रिकाम्या जागा कायमस्वरूपी भरा, आणि एकत्र लिहिणाऱ्यांचे गुण कापणारा तो तक्ता बदला.